ताण सांगणारा धागा



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा मी 'पॉलिमरच्या प्रकाशतंतूवरील जालके आणि त्यांनी होणारे ताणाचे मापन' असे कळवले. त्यांचा उलट निरोप आला, की बोनस, किमान वेतन असा काही विषय नाही का? आहे, आणि त्यावर मी वर्षभर बोलतच असतो. पण ज्या माणसांची गाऱ्हाणी घेऊन मी तीस वर्षे हिंडलो, ती माणसे लोंबत्या ओझ्याखाली, बॉयलरच्या शेजारी, जुन्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर यंत्रांच्या धडधडीत काम करतात. साखळीची कडी, छपराची तुळई, पुलाचा दांडा तुटण्यापूर्वी काही बोलतो काय, आणि बोलत असेल तर ते ऐकायचे कसे, हा प्रश्न मला वेतनाच्या प्रश्नाइतकाच जवळचा वाटतो. माझे शिक्षण दहावीपुढे गेले नाही. पुढचे जे काही आहे ते नगरवाचनालयातल्या पुस्तकांचे, आणि कंटाळा न करता समजावून सांगणाऱ्या काही इंजिनियर मित्रांचे. म्हणून मी सांगेन ते कामगाराच्या भाषेत. विद्वानांनी सांभाळून घ्यावे.

प्रथम दोन शब्द वेगळे करून घेऊ, कारण व्यवहारात आपण दोन्हींना 'ताण' म्हणतो आणि घोटाळा होतो. एका सळईला वजन टांगले. त्या वजनाला सळईच्या छेदाच्या क्षेत्रफळाने भागले म्हणजे जे येते त्याला पुस्तकात 'प्रतिबल' म्हणतात. त्या वजनाने सळई लांबते. मूळ लांबीच्या मानाने ती किती लांबली, त्या प्रमाणाला 'विकृती' म्हणतात. मी तिला साधेपणाने 'लांबण' म्हणणार आहे. लोखंड लांबत नाही असा पुष्कळांचा समज असतो. लांबते! साध्या पोलादाची एक मीटर सळई सुमारे सव्वा मिलिमीटर लांबेपर्यंत, वजन काढताच, मुकाट्याने पूर्ववत होते. त्याच्या पलीकडे गेली की ती कायमची वाढते, आणि तेथून तिचे भवितव्य चांगले नसते. सव्वा मिलिमीटर म्हणजे आगकाडीच्या जाडीपेक्षाही कमी. पूल, क्रेन, बॉयलर ह्या सगळ्यांचा संसार त्या आगकाडीच्या आत चालतो. म्हणून इंजिनियर लोक फार लहान माप वापरतात: मीटरमागे मिलिमीटरचा हजारावा भाग वाढ झाली तर ती एक मायक्रोस्ट्रेन. आपली सव्वा मिलिमीटरची लक्ष्मणरेषा त्या मापाने १२५० वर येते.

प्रतिबल डोळ्यांना दिसत नाही आणि थेट मोजताही येत नाही. मोजायची ती लांबण, आणि तिच्यावरून प्रतिबल काढायचे. जितके ओढावे तितके लांबते, हा नियम रॉबर्ट हूक ह्या इंग्रज शास्त्रज्ञाचा. त्याने तो १६७६ साली अक्षरे उलटसुलट करून छापला, म्हणजे शोध आपला ठरावा पण दुसऱ्याला कळू नये, आणि १६७८ साली त्याचा उलगडा केला. शास्त्रज्ञांनाही आपल्या मालाची काळजी असतेच!

आता मागाकडे येतो. ज्यांनी स्वयंचलित माग पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल, की ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर पत्र्याची एक हलकी पट्टी अडकवलेली असते. तिला ड्रॉपर म्हणतात. धागा तुटला की पट्टी खाली पडते आणि माग थांबतो. साधन मोठे गुणी, पण ते धागा तुटल्यावर बोलते. जुना विणकर ताण्यावरून नुसते बोट फिरवी आणि सांगे, हा धागा आता जाणार. आपल्याला हवे आहे ते बोट.

लोखंडासाठी असे बोट १९३८ साली अमेरिकेत दोन ठिकाणी एकमेकांना नकळत तयार झाले. कॅलिफोर्नियात एडवर्ड सिमन्स ह्यांनी आणि मॅसॅच्युसेट्समध्ये आर्थर रूज ह्यांनी वस्तूवर एक अतिबारीक तार चिकटवून तिच्यातून वीज सोडली. वस्तू लांबली की चिकटलेली तारही लांबते, बारीक होते आणि विजेला तिचा अडथळा वाढतो. तो अडथळा मोजला की लांबण कळली. ही युक्ती आजही जगभर वापरात आहे आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण तिच्या अडचणी आहेत. प्रत्येक मापनाच्या जागेसाठी वेगळ्या तारा न्याव्या लागतात. शंभर जागा म्हटल्या की तारांचे जंगल होते. शेजारी मोठी मोटार किंवा वेल्डिंग चालू असेल तर तिचा खडखडाट ह्या तारांत शिरतो. आणि जेथे पेट्रोल, रंग, वायू अशा ज्वालाग्राही वस्तू असतात, तेथे वीज न्यायची म्हणजे जपूनच न्यावी लागते.

म्हणून विजेच्या जागी प्रकाश.

काचेच्या केसासारख्या तंतूत प्रकाश सोडला तर तो बाहेर न सांडता वळणावळणाने पुढे जातो, हे आज घरोघरी इंटरनेटच्या तारेमुळे सर्वांना ठाऊक झाले आहे. ह्या विद्येत पंजाबातील मोगा येथे जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी ह्यांचा वाटा मोठा. त्यांनी व हॉपकिन्स ह्यांनी १९५४ साली तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेऊन दाखवले. पुढे १९६६ साली चार्ल्स काव ह्यांनी सांगितले, की प्रकाश वाटेत मरतो तो काचेच्या दोषाने नव्हे, तिच्यातील भेसळीने. त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा इतिहास मोठा रंजक आहे, पण आपल्याला तंतूच्या आत काढलेल्या रेघांकडे जायचे आहे.

त्या रेघांची कल्पना मुळात तंतूसाठी निघालेलीच नव्हती. १९१२ साली लॉरेन्स ब्रॅग नावाच्या केंब्रिजच्या तरुण विद्यार्थ्याने स्फटिकांवर पडणाऱ्या क्ष-किरणांचे कोडे सोडवले. स्फटिकात अणूंचे थर सारख्या अंतरावर असतात. प्रत्येक थर किरणाचा थोडासा भाग परतवतो. हे परतलेले तुकडे एका तालात आले तर त्यांची बेरीज होते, नाही तर ते एकमेकांना मारतात. १९१५ साली वडिलांच्या जोडीने त्याला नोबेल मिळाले तेव्हा त्याचे वय २५ होते.

तालाची गोष्ट मला मोर्चामुळे चटकन पटली. लांब मोर्च्यात पुढून घोषणा येते आणि मागचे एकेक पथक तिला उत्तर देते. सर्वांचे उत्तर एका क्षणी पडले तर चौक दणाणतो. प्रत्येक पथक थोडे थोडे मागे पडत गेले तर त्याच हजार माणसांचा नुसता गलबला ऐकू येतो. माणसे तितकीच, घसाही तितकाच ताणलेला. फरक तालाचा. प्रकाश ही लाट आहे आणि प्रत्येक रंगाच्या लाटेची लांबी वेगळी. सारख्या अंतरावर ओढलेल्या हजारो रेघांतून पांढरा प्रकाश गेला, तर ज्या एका रंगाचा ताल त्या अंतराशी जुळतो तेवढा रंग दणाणून परत फिरतो. बाकीचे रंग काही झालेच नाही अशा थाटात पुढे निघून जातात. अशा रेघांच्या पट्ट्याला जालक म्हणतात. विणकराने त्याला फणी म्हणायला माझी हरकत नाही: सारख्या अंतराचे दात, एकामागून एक. मात्र आपल्या फणीत इंचाला तीस-चाळीस घरे, आणि ह्या फणीत इंचाला सत्तेचाळीस हजारांवर रेघा!

एवढ्या बारीक रेघा तंतूच्या पोटात काढल्या कोणी? पहिल्या रेघा अनपेक्षितपणे पडल्या. १९७८ साली कॅनडात ऑटावा येथील दळणवळण संशोधन केंद्रात केनेथ हिल आणि त्यांचे सहकारी काचेच्या तंतूत लेसरचा जोरदार प्रकाश सोडत होते. हळूहळू तंतूतून प्रकाश परत येण्याचे प्रमाण वाढत चालले. शोध केला तेव्हा असे दिसले, की जाणारा आणि टोकावरून परतणारा प्रकाश मिळून तंतूत उजेड-अंधाराचे पट्टे पडले होते, आणि जेथे उजेड जास्त तेथे काचेचा गुण कायमचा किंचित बदलला होता. प्रकाशानेच प्रकाशासाठी फणी घातली होती. ही फणी हव्या त्या अंतराची घालता येत नव्हती. ती सोय १९८९ साली अमेरिकेत जेराल्ड मेल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. त्यांनी अतिनील किरणांचे दोन झोत बाजूने तिरपे सोडून तंतूवर एकमेकांना छेदू दिले. झोतांचा कोन बदलला की रेघांतील अंतर बदलते. पुढे बारीक खाचा पाडलेली काचपट्टी तंतूवर ठेवून तिच्यातून किरण सोडण्याची सोपी रीत निघाली. छापखान्यात ठशावरून छाप घ्यावा तसेच ते झाले, आणि माल स्वस्त झाला.

आता हिशोब पाहा. परत फिरणारी लाट = दोन × काचेचा अपवर्तनांक × दोन रेघांतील अंतर. काचेचा अपवर्तनांक १.४५ आणि रेघांतील अंतर ५३४ नॅनोमीटर धरले तर उत्तर सुमारे १५५० नॅनोमीटर येते. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. १५५० चा हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण काचेच्या तंतूत तो सर्वांत कमी खर्ची पडतो, म्हणून टेलिफोनवाल्यांचा तो आवडता. हा तंतू तुळईला घट्ट चिकटवला आणि तुळई लांबली, तर तंतूही लांबला, फणीचे दात एकमेकांपासून सरकले, आणि परत फिरणारा रंग बदलला. एका मायक्रोस्ट्रेनला हा बदल सुमारे १.२ पिकोमीटर, म्हणजे नॅनोमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा किंचित जास्त असतो. पोलादाच्या त्या १२५० च्या लक्ष्मणरेषेपर्यंत रंग दीड नॅनोमीटर सरकतो. ऐकायला काहीच नाही, पण ते मोजणारी यंत्रे आज बाजारात मिळतात.

ह्या रीतीचा खरा गुण असा, की ती उजेडाच्या कमी-जास्तपणावर अवलंबून नाही. दिवा मंदावला, जोड सैल झाला, तरी रंग तोच राहतो. दुसरे, एकाच तंतूवर दहा-वीस फण्या निरनिराळ्या अंतरांच्या घालता येतात. प्रत्येक आपापल्या रंगाने उत्तर देते, आणि कोणत्या जागी काय झाले ते एका टोकाला बसून कळते. हजेरीपटावर प्रत्येकाने आपल्या नावाला 'हजर' म्हणावे तसे. कॅनडातील कॅलगरी शहरात बेडिंग्टन ट्रेल नावाच्या रस्त्यावरील पुलात १९९३ साली बांधतानाच असे तंतू घातले गेले. आपल्या देशात कोलकात्याच्या केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्थेत प्रकाशतंतू आणि जालके तयार करण्याचे काम चालते.

हे झाले काचेचे. मग पॉलिमर कशाला?

पॉलिमर म्हणजे साखळीसारखे लांबलचक रेणू असलेला पदार्थ. आपल्या परिचयाचा पारदर्शक पॉलिमर म्हणजे ॲक्रिलिक. दुकानांच्या पाट्या त्याच्या, आणि दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांच्या वैमानिकापुढील फुगीर काचाही त्याच्याच होत्या. त्याचे रासायनिक नाव लांबलचक आहे, पीएमएमए ह्या चार अक्षरांवर भागते. त्याचा तंतू काढता येतो. ऑस्ट्रेलियात सिडनी येथील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात पेंग, चू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली अशा तंतूत ब्रॅगची फणी घालून दाखवली. पुढे इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या ॲस्टन विद्यापीठात आणि डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठात ह्या कामाने मूळ धरले.

काच आणि हा पॉलिमर ह्यांच्यातला फरक मी वजनात सांगतो, कारण वजन आपल्याला हाताने कळते. १२५ मायक्रोमीटर जाडीचा, म्हणजे केसापेक्षा थोडा जाड, तंतू घ्या. त्याला शेकडा एक इतके लांबवायचे आहे. काचेचा असेल तर सुमारे ९०० ग्रॅम वजन टांगावे लागेल. पॉलिमरचा असेल तर ३५ ते ४० ग्रॅम पुरे. तब्बल चोवीस पट फरक! आणि शेकडा एकाच्या पुढे काचेचा तंतू भरवशाने ओढता येत नाही, पॉलिमरचा त्याच्या कितीतरी पुढे जातो.

येथे सुरुवातीला वेगळे केलेले दोन शब्द उपयोगी पडतात. जाड पोलादी तुळईची लांबण मोजायची असेल तर तंतू काचेचा की पॉलिमरचा ह्याने फार बिघडत नाही. तुळई दोघांनाही आपल्याबरोबर ओढत नेते, आणि मायक्रोस्ट्रेनमागे रंगाचा बदल दोघांत जवळपास सारखाच असतो. पण जेथे जोर थोडा आहे, जसे हवेचा दाब, पाण्याची खोली, श्वासाने फुगणारी छाती, तेथे तेवढ्याच जोराने पॉलिमर वीसपटीहून अधिक लांबतो आणि तितका मोठ्याने बोलतो. शिवाय मऊ वस्तूला काच चिकटवली तर आणखी एक पंचाईत होते. काच त्या वस्तूलाच ताठ करते. मऊ मुलाच्या हाताला लाकडाची फळी बांधायची आणि मग हात किती वाकतो ते मोजायचे, असा तो प्रकार.

ह्याचे मला सर्वांत आवडलेले उदाहरण कापडाचे आहे, आणि कापडवाल्या माणसाने ते लपवून ठेवू नये. युरोपातील जुन्या वाड्यांत भिंतीवर टांगलेले विणलेले चित्रपट असतात. शतकानुशतके ते स्वतःच्याच वजनाने लोंबत असतात आणि वरच्या भागातले धागे हळूहळू दमतात. कोठे विरणार ते आधी कळले तर दुरुस्ती करता येते. इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टन आणि ॲस्टन येथील संशोधकांनी २००९ च्या सुमारास अशा कापडावर पॉलिमरच्या फण्या वापरून पाहिल्या. काचेचा तंतू कापडावर चिकटवला की कापडाचा ताण तोच आपल्या अंगावर घेतो आणि आकडा खोटा येतो. पॉलिमरचा तंतू त्या मानाने कापडात कापडासारखा राहतो. चारशे वर्षांपूर्वीच्या विणकराच्या धाग्याची नाडी धाग्यानेच पाहायची, ही कल्पना मला भारी वाटते.

विमानाच्या इंधनाच्या टाकीतही असाच प्रयोग झाला. ॲस्टनमध्येच २०१५ साली टाकीच्या खोलीभर थोड्या थोड्या अंतरावर लवचीक पडदे बसवून प्रत्येकावर एक पॉलिमरची फणी चिकटवली. द्रवात बुडालेले पडदे दाबले जातात, वरचे दाबले जात नाहीत. त्यावरून पातळी काढली. एखादा पडदा बिघडला तरी बाकीचे हिशोब पुरा करतात. इंधनात वीज न्यावी लागत नाही, हा लाभ मी पुन्हा सांगायला नको. वैद्यकातही ह्या तंतूला मागणी आहे. काच तुटली तर तिची कुसळे कातडीत रुततात, पॉलिमरची तशी भीती नाही. आणि त्यात धातू नसल्याने, प्रचंड चुंबकाच्या एमआरआय यंत्रात रोगी असतानाही त्याच्या छातीवरून श्वास मोजता येतो.

एवढे कौतुक झाल्यावर खोटही सांगितली पाहिजे. मालकाची जाहिरात वाचायला मी येथे आलेलो नाही.

पहिली खोट उजेडाची. काचेच्या तंतूत १५५० नॅनोमीटरचा प्रकाश निम्मा व्हायला सुमारे १५ किलोमीटर लागतात. ॲक्रिलिकच्या तंतूत तोच प्रकाश सुमारे तीन सेंटिमीटरमध्ये निम्मा होतो! तांबड्या प्रकाशाला हा तंतू बरा, तेथे वीसेक मीटर चालतो. ८५० च्या अदृश्य प्रकाशात मीटरभरात निम्म्याच्या आसपास येतो. म्हणून बहुतेक प्रयोगांत फणीपुरता तुकडा पॉलिमरचा आणि पुढची वाट काचेची असते, आणि ह्या दोघांचा जोड हे नाजूक काम होऊन बसते.

दुसरी खोट उष्णतेची. ॲक्रिलिक शंभर अंशांच्या थोडे पुढे मऊ पडते, आणि त्याच्या पुष्कळ आधी आकसू लागते, कारण तंतू ओढताना आत अडकलेला ताण मोकळा होऊ पाहतो. म्हणून वापरण्यापूर्वी तंतू काही तास ऐंशीएक अंशांत तापवून शांत करून घेतात. काचेच्या फणीचा रंग तापल्यावर लांब लाटेकडे सरकतो, पॉलिमरचा उलट आखूड लाटेकडे. ही उलटी चाल कित्येकदा उपयोगीही पडते: दोन्ही तंतू शेजारी ठेवले तर लांबण किती आणि उष्णता किती, हे वेगळे काढता येते.

तिसरी खोट पाण्याची. ॲक्रिलिक आपल्या वजनाच्या शेकडा दोनपर्यंत पाणी पिते आणि फुगते. फुगले की फणीचे दात सरकले, रंग बदलला, आणि यंत्र सांगते तुळई लांबली. वास्तविक आभाळ आले आहे एवढेच! कोकणच्या पावसाळ्यात हा तंतू उघडा लावला तर तो तुळईपेक्षा हवामानच जास्त सांगेल. ह्यावर डेन्मार्कमध्ये २०११ साली टोपास नावाच्या, पाणी जवळजवळ न पिणाऱ्या पॉलिमरची फणी करून दाखवण्यात आली. सायटॉप नावाचा फ्लोरीनयुक्त जपानी पॉलिमर पाणी पीत नाही आणि १५५० चा प्रकाशही ॲक्रिलिकपेक्षा पुष्कळच दूर नेतो. सायप्रसमधील लिमासोल येथे २०१५ साली त्यात अतिलघु लेसर-स्पंदांनी रेघा काढल्या गेल्या.

चौथी खोट स्वभावाची, आणि तिला पुरते औषध नाही. काच ओढून सोडली की तत्काळ जागेवर येते. पॉलिमरचे लांब रेणू एकमेकांत गुंतलेले असतात. फार ओढले किंवा पुष्कळ वेळ ओढून धरले, की ते हळूच एकमेकांवरून घसरतात. सोडल्यावर परत यायला वेळ घेतात, कधी पूर्ण परततही नाहीत. नाडा जुना झाला की सैल पडतो तसे. म्हणून श्वास, धक्के, कंप अशा येत्या-जात्या ताणाला पॉलिमर आणि वर्षानुवर्षे स्थिर राहणाऱ्या पुलाच्या भाराला काच, अशी वाटणी मला तरी शहाणपणाची दिसते. पॉलिमर सगळीकडे लावा म्हणणाऱ्याचा माल खपायचा राहिला असावा.

आणि फणी कशाचीही असो, ती जेथे चिकटवली आहे तेथलेच सांगते. अमेरिकेत ओहायो नदीवर पॉइंट प्लेझंट येथे सिल्व्हर ब्रिज नावाचा पूल होता, १९२८ साली खुला झालेला. तो दोऱ्यांऐवजी पोलादी दांड्यांच्या साखळीवर टांगलेला होता. १५ डिसेंबर १९६७ रोजी संध्याकाळी, रस्ता गाड्यांनी भरलेला असताना, एक दांडा त्याच्या डोळ्यापाशी तुटला आणि सबंध पूल नदीत गेला. ४६ माणसे मेली. मुळाशी सापडली ती सुमारे अडीच मिलिमीटर खोल भेग, आणि तीही सांध्याच्या आत, डोळ्यांना न दिसणारी. शेजारच्या दांड्यावर फणी चिकटवलेली असती तरी ती बहुधा शेवटच्या क्षणापर्यंत 'सर्व ठीक' म्हणाली असती. फणी कोठे लावायची हे ज्याला ओझे कसे वाहते ते कळते त्यानेच ठरवायचे असते. माझे म्हणणे असे, की त्या वेळी क्रेनवाल्याला, फिटरलाही विचारावे. कोणती कडी कुरकुरते ते त्याला ठाऊक असते.

१९४८ च्या कारखाने कायद्याने उचलयंत्रे, साखळ्या, दोर बारा महिन्यांतून निदान एकदा जाणत्या माणसाकडून तपासून घेण्याचा दंडक घातला. तो कामगारांच्या फार उपयोगी पडला. पण बारा महिन्यांतून एकदा म्हणजे उरलेले ३६४ दिवस साखळीवर काय गुजरते ते कोणी पाहत नाही. एका कारखान्यात तपासणीचा कागद ताजा असतानाच साखळीची कडी उघडलेली मी पाहिली आहे. दैवाने खाली कोणी नव्हते. कागद फाइलीत होता आणि कडी जमिनीवर. रोज, दर सेकंदाला बोलणारा तंतू येथे हवा असे मला वाटते ते म्हणून.

मात्र सांगणारे असले तरी ऐकणारा लागतो. बांगलादेशात ढाक्याजवळ सावर येथे राना प्लाझा नावाची आठ मजली इमारत होती. वर शिवणकामाचे कारखाने, खाली बँक आणि दुकाने. २३ एप्रिल २०१३ रोजी भिंतींना आणि खांबांना भेगा पडल्या. त्या सर्वांनी पाहिल्या. बँक आणि दुकाने बंद झाली. शिवणकामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर बोलावले गेले, आणि ती इमारत त्यांच्यासह कोसळली. अकराशेंवर माणसे गेली, त्यांत बहुसंख्य बायका. तेथे पिकोमीटर मोजण्याची गरज नव्हती, इमारत तोंडाने बोलत होती. त्याच वर्षी कामगार संघटना आणि परदेशी कापडकंपन्या ह्यांच्यात इमारतींच्या सुरक्षिततेचा एक बंधनकारक करार झाला. त्यात स्वतंत्र तपासणी होती, आणि इमारत धोक्याची वाटली तर आत जायला नकार देण्याचा कामगाराचा हक्कही होता.

म्हणून उद्या एखाद्या कारखान्याने असे तंतू बसवले, तर माझ्या मागणीपत्रात दोन कलमे असतील. आकडा मालकाच्या केबिनमधील पडद्यावर दिसतो तसा खात्याच्या दारावरही दिसावा. आणि किती आकड्याला काम थांबवायचे ते आधी, शांतपणी, दोन्ही बाजूंनी सही करून ठरावे. ऐन वेळी, ऑर्डर अर्धी असताना, ते ठरत नसते. खर्चाचे म्हणाल तर तंतू महाग नाही. रंग वाचणारी पेटी महाग आहे. पण एक पेटी पुष्कळ तंतू वाचते, त्यामुळे तो खर्च एका क्रेनवर न मांडता सबंध खात्यावर मांडावा.

हा विषय मी खात्यात समजावतो तेव्हा एक प्रश्न हमखास येतो: तंतू उंदराने कुरतडला तर? प्रश्न हसण्यासारखा नाही, कारखान्यात उंदीर असतातच. तंतू तुटला की तुटीपलीकडच्या फण्या गप्प होतात, अलीकडच्या बोलतच राहतात, म्हणून कोणत्या दोन फण्यांमध्ये तुटला ते लगेच समजते. तंतूचे दुसरे टोकही पेटीपर्यंत आणून ठेवलेले असेल तर उरलेल्या फण्या त्या बाजूने वाचता येतात, आणि दुरुस्ती होईपर्यंत काम अडत नाही. बांधतानाच ते दुसरे टोक आणून ठेवायला सांगावे. मागाहून कोणी आणत नाही.